सहा सिलिंडर, दसऱ्याच्या आत

२३ ऑगस्ट १९६०, पोळ्याचा दुसरा दिवस

पुंडलिक गावावरून आला. मोठ्या भावाचा निरोप घेऊन. बैल राहिले बाजूले, दोघं भाऊ पोळाभर माझ्यावरच बोलले म्हणे.

देवरावचा निरोप असा — मायनं हातातले गोठ काढून दिले आन् पुंडलिकनं ते एका सडक्या ट्रकात घातले. माय भोळी आहे. पोलादाच्या प्लांटच्या कॅम्पात एका खोलीत चार जण, त्यात एक तान्हं. दसऱ्याले मी न्यायले येतो. तोवर ट्रक चालला, पुंडलिकनं खुर्सीपारले दोन खोल्या घेतल्या, तर माय राहो तिकडं. नाही चालला तर ट्रक भंगारात आन् माय माझ्या घरी. यावर बोलणं नाही.

मी पुंडलिकले विचारलं, "तू काय म्हटलं?"

"हो म्हटलं."

"मले न विचारता?"

"माय, तो मोठा आहे."

मोठा आहे म्हणते! त्या मोठ्याले मोठा कोणं केला? गोठ माझ्या बापानं माझ्या हातात घातले होते, देवरावच्या नाही. आन् ट्रक पुंडलिकनं घेतलाच नाही, मी घेतला. भय्याजी भंगारवाल्याच्या आवारात मीच बोट दाखवलं होतं. लढाईच्या वेळची अमेरिकन गाडी, पुढं बसायची लांब सीट, मागं उघडा डबा. वासरू उभं राहते ना ऊन पाहून, तशी उभी होती. पुंडलिक ठेकेदाराकडं फिटर आहे, ठेका सरला का घरी बसते. मी म्हटलं, ही चालली तर नंदिनीच्या खदानीवर भाजी, किराणा नेईल. तिथं वस्ती वाढून राहिली, दुकान एक नाही.

गावाले जायचं तर मले माहीत आहे कसं असते. ओसरीच्या कोपऱ्यात बसायचं, आलं-गेलं पाहायचं. मोठी सून मैना, ती तर तोंडातून शब्द काढत नाही. ताट आणते, ठेवते, जाते. इथं मी बाजारात जातो, भांडतो, वर्गात जातो. ही वही वर्गाच्या सिंधुताईनं दिली. म्हणाली, भागाबाई, रोज चार ओळी लिहा, अक्षर बसते. आज चारच्या वर झाल्या. रागानं अक्षर चांगलं येते.

२५ ऑगस्ट

पंजाबराव.

लिहिलं. पंचेचाळीस वर्षं झाली लग्नाले, उखाणा सोडला तर तोंडानं कधी नाव घेतलं नाही. ते जाऊन सहा वर्षं झाली. आता लिहिलं तर काही झालं नाही. छप्पर जागेवर आहे. पुन्हा लिहितो. पंजाबराव. डोंगरगडच्या लोको शेडात फिटर होते. ते असते तर देवरावची हिंमत नसती झाली.

सुनेनं, रत्नमालानं, विचारलं काय लिहिता एवढं हसू हसू. मी वही झाकली.

२८ ऑगस्ट, रविवार

आज इंजिन बाहेर काढलं. निंबाखाली तीन बल्ल्या बांधल्या, साखळीची कप्पी लटकवली, पुंडलिक आन् सुखराम मिस्त्री दोघांनी ओढलं. केवढं थोराड! सहा सिलिंडर एका रांगेत. पंगत बसल्यावानी.

सुखराम इकडलाच आहे, कॅम्पाच्या तोंडाशी त्याचं गॅरेज. त्यानं बॉनेटवरचं नाव वाचून दुर्गावरून हेडखालची पॅकिंग आणली होती. बसवायले गेला तर भोकाले भोक लागेना. उलटी केली, सुलटी केली. मग बिडी पेटवली आन् मले म्हणते, "दाई, ए इंजन मर गे हे."

मी म्हटलं, "पॅकिंग तुझी लागत नाही आन् मेलं ते कावून?"

तो हसला, पुंडलिक नाही हसला. सुखराम म्हणते, बॉनेटवर ज्या कंपनीचं नाव आहे तिच्या इंजिनात वाल, म्हणजे व्हॉल्व्ह, बाजूले असतात. याचे डोक्यावर आहेत. डब्बा एकाचा, इंजिन दुसऱ्याचंच. कोणाचं ते समजल्याशिवाय सामान कोणतं आणू? असं म्हणून गेला. परत येतो म्हणाला नाही.

लढाईत कोण कोणाचं इंजिन कोणात घातलं, आता तो घालणारा कुठं सापडते.

२९ ऑगस्ट

भय्याजी भंगारवाला येऊन गेला. तागडी संगंच घेऊन आला होता. "काकी, लोहा है, लोहा. अब क्या इसकी पूजा करोगी?"

"करीन. खंडेनवमीले. तू प्रसादाले ये."

३१ ऑगस्ट

इंजिनाचं नाव सापडलं!

झालं असं, मी पितळी गुंड घासून राहिली होती, चिंच आन् राख घेऊन. इंजिन समोरच. त्याच्या पोटावर चिकट काळा थर, बोटभर. मनात आलं, माझ्या सासूच्या गुंडावर तिचं नाव कोरलं होतं, ते असंच काळवंडून बुजलं होतं. मग यालेही घासून पाहू. चिंचेनं काही होईना. धुण्याचा सोडा कढत पाण्यात घातला, नारळाची शेंडी घेतली, बसली. रत्नमाला म्हणाली, "आत्याबाई, स्वयंपाक?" मी म्हटलं, "कर ना मग."

दुपारपावतर एक आकडा निघाला. मग दुसरा. सहा आकडे आन् एक इंग्रजी अक्षर, अंगठ्याएवढे, ओतताना उठवलेले. आकडे मले येतात. अक्षर येत नाही, ते मी रांगोळीवानी पाहून पाहून काढलं — दोन टेकड्या आन् एक काठी. वर्गात काढलं असतं तर सिंधुताईनं शाबास म्हटलं असतं.

पुंडलिकनं कागद नेला. त्याच्या ओळखीचा एक जण प्लांटच्या गॅरेजात आहे, त्याच्यापाशी इंजिनांचं पुस्तक. तिन्हीसांजेले आला तर हसून राहिला होता, लहानपणी हसे तसा. नंबर पुस्तकात निघाला. दुसऱ्या कंपनीचं, लॉरीचं इंजिन आहे ते, गाडीपेक्षा जास्त जोरवालं. पॅकिंग, रिंगा, सगळं रायपुरात भेटते.

"माय, गाडीपेक्षा इंजिन मोठं निघालं."

"मग काय! मी पसंत केलं होतं."

२ सप्टेंबर

पाऊस. काही झालं नाही. नातीले शिंक आली तर स्वतःच घाबरली.

४ सप्टेंबर

इंजिनाच्या आत काय बिघडलं ते पाहायले आज केवलरामभाऊले घेऊन आली. मीच गेली खुर्सीपारले, पायी. केवलरामभाऊ आमच्या पंजाबरावचे जोडीदार, एकाच शेडात. आता लेकापाशी राहतात, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांच्या सुनेनं म्हटलं, बाबाले काही दिसत नाही, काय नेता. मी म्हटलं, दिसायचं काम मी करीन.

त्यांनी इंजिनाजवळ बसकण मारली. खालून हात घातला, कोपरापर्यंत. दुसऱ्या हातानं क्रँक, इंजिनाचा फिरता दांडा, हलवला. डोळे मिटलेले — उघडून तसाही फायदा नाही. मग म्हणतात, "वहिनी, दोन नंबरचा रॉड वाजून राहिला. आतलं व्हाइट मेटल जळालं."

पुंडलिक म्हणते, "काका, पाच नंबरचा."

मले वाटलं दोन आन् पाच दोन्ही गेले. धसकाच बसला. पण उघडलं तर एकच खराब होता.

व्हाइट मेटल म्हणजे मऊ धातू. रॉडच्या कड्यात ओततात, क्रँक त्यावर फिरते. रेल्वेत डब्याच्या एक्सलले असंच असते. केवलरामभाऊ आन् पंजाबराव रोज तेच ओतत. भाऊ म्हणतात नवा रॉड रायपुरातही नाही, आणवायचा म्हटलं तर दिवाळी उलटते. "आपणच ओतू. पण आता नाही वहिनी. उद्यापासून पितरपाख लागते. पंधरा दिवस नवं काम नाही."

पंधरा दिवस! मग दसऱ्याले राहते काय?

७ सप्टेंबर

पुंडलिक रायपूरवरून पॅकिंग आन् रिंगा घेऊन आला. पॅकिंग ठेवली. भोकाले भोक. मी तीनदा उचलून पुन्हा ठेवून पाहिली, उगीच.

त्यानं पुस्तकातून एक ओळही लिहून आणली. सहा सिलिंडरले ठिणगी कोणत्या क्रमानं द्यायची ते. एक पाच तीन सहा दोन चार. मी पाठ करून टाकली. पाळणा हलवताना म्हणतो. नात झोपते. अंगाई काय अन् हे काय, तिले सारखंच.

९ सप्टेंबर

गावचा माणूस आला होता, दुर्गाले कामासाठी. मैनाचा निरोप — आत्याबाई कधी येतात. बस एवढाच. मी म्हटलं, सांग तिले, वाट पाहू नको म्हणा.

घाई झाली तिले. कामाले दोन हात मिळतात ना फुकटचे.

मैनाशी माझं कधी जमलं नाही, खरं लिहितो. बारा वर्षं झाली, लेकरू नाही. एकदा मी पाहुण्यांपुढं बोलून गेली — काय बोलली ते नाही लिहित. तेव्हापासून ती गप्प. आता ते मागं घ्यायचं तर कसं घेतात? वर्गात खोडायले शिकवतात, पण ते कागदावर.

१२ सप्टेंबर

उद्या पंजाबरावची तिथी. मी केवलरामभाऊकडं गेली.

"भाऊ, उद्या ओतायचं."

"वहिनी, पितरपाखात?"

"नवं काम नाही करायचं ना? हे कुठं नवं आहे. लढाईच्या वेळचं जुनं इंजिन, त्याचा जुना रॉड, त्यात वितळवलेला जुना धातू. आन् ओतणारे तुम्ही, तुम्ही कुठं नवे आहा?"

हसले. मग म्हणतात, "लोक काय म्हणतील?"

"लोक पंजाबरावले वडे देतील, खीर देतील. त्यांनी जिंदगीभर व्हाइट मेटल ओतलं. एखाद्या वर्षी त्याचा वास गेला त्यांच्याकडं तर रागावतील का?"

नाव मोठ्यानं घेतलं मी. त्यांच्या सुनेनं आतून डोकावून पाहिलं.

१३ सप्टेंबर, अष्टमी

झालं.

एका चुलीवर खीर, दुसऱ्या शेगडीवर लोखंडी पळी, त्यात धातू. आधी खडे खडे, मग एकदम चांदणं. केवलरामभाऊले रंग दिसत नाही. म्हणतात, वहिनी, निंबाची वाळली काडी बुडवून काढा, काय रंग झाला ते सांगा. पहिल्यांदा काडी तशीच. दुसऱ्यांदा तशीच. तिसऱ्यांदा टोक तपकिरी झालं, पेट नाही घेतला. मी म्हटलं, "मोहरी तडतडायच्या आधीचं तेल असते ना, तसं." ते म्हणाले, "पंजाबही हेच म्हणे."

हे मले ठाऊक नव्हतं. घरी तर ते फोडणीचं नाव घेत नव्हते.

पुंडलिकनं रॉडचं कडं गरम करून धरलं, मधात गोल लोखंड उभं केलं, भोवती ओलं मातीचं लेपण. केवलरामभाऊनं पळी एका दमात रिकामी केली. एक थेंब बाहेर नाही गेला.

मग कावळ्याले ठेवलं. दोन घास घेऊन गेला. शेजारची तुळसाबाई कुंपणावरून पाहत होती. म्हणे, "पितराच्या दिवशी लोहारकाम! भागाबाई, कावळा शिवला तरी कसा?"

"त्याले भूक लागली होती."

१५ सप्टेंबर

ओतलेलं कडं थेट बसत नाही. आतून खरवडून क्रँकच्या मापाचं करावं लागते, कागदाच्या जाडीनं, त्याहून कमी. कसं समजते कुठं खरवडायचं? क्रँकले रंग लावायचा पातळ, कडं त्यावर फिरवायचं, जिथं उंच असेल तिथं रंग लागते. तेवढंच खरवडायचं. पुन्हा लावायचा. शेडात त्यासाठी डबीतला रंग असे. सुखरामपाशी विचारलं, नाही. दुर्गात विचारलं, नाही.

मी पेटी उघडली. तळाशी माझा करंडा. सहा वर्षांत हात लावला नव्हता.

रत्नमालाचा चेहराच उतरला. "आत्याबाई… कुंकू?"

"कपाळाले नाही लावत, बाई. बेरिंगले लावतो."

मलमलीतून गाळलं, गोड्या तेलात कालवलं. क्रँकवर बोटानं फासलं. केवलरामभाऊनं कडं फिरवून माझ्या हातात दिलं — "सांगा वहिनी, कुठं लागलं?" डाव्या कडेले दोन ठिपके, मधात एक पट्टा. खरवडणी त्यांची, डोळे माझे. पण थोड्या वेळानं खरवडणीही माझ्याच हातात आली. नखं कापताना निघते तसा पातळ पापुद्रा निघते. त्यांनी कान लावून ऐकलं. म्हणतात, "हलकं. अजून हलकं. आवाज भाकरी सोडवल्यावानी आला पाहिजे."

दोन्ही हात लाल. तशीच नळावर गेली. सगळ्या बाया माझ्या हाताकडं पाहून राहिल्या. मी लपवले नाही. सावकाश धुतले.

१८ सप्टेंबर

चौथा दिवस खरवडायचा. आज पूर्ण कड्यावर ठिपके आले, बारीक, सारखे, देवीचे दाणे असतात तसे. केवलरामभाऊनं बोट फिरवलं. "बस." मग उठताना म्हणतात, "वहिनी, तुमाले शेडात भरती करायले पाहिजे होतं."

रात्री झोप नाही आली. आनंदानंही येत नाही, हे माहीत नव्हतं.

२१ सप्टेंबर, घट बसले

रॉड, पिस्टन, रिंगा, सगळं आत. रॉकेलनं सगळं धुतलं, कुंकवाचा कण ठेवला नाही. पुंडलिक ड्यूटीवरून येते आन् सरळ निंबाखाली. रत्नमाला नातीले घेऊन तिथंच बसते, कंदील धरते. आधी ती रुसली होती कुंकवापायी. काल तिनंच विचारलं, "आत्याबाई, हे कोणतं भोक?" मी सांगितलं. मले तरी कुठं माहीत होतं महिन्याआधी.

२४ सप्टेंबर

इंजिन गाडीत बसलं. ठिणगीच्या वायरी केवलरामभाऊनं लावल्या, चाचपून चाचपून, सहा. मी एक पाच तीन सहा दोन चार म्हणत गेली, ते लावत गेले. उद्या चालवायचं.

२५ सप्टेंबर

नाही चाललं.

हँडल मारलं, तर वरून कार्बोरेटरमधून असा बार झाला का कोंबड्या उडाल्या. पुन्हा मारलं, पुन्हा बार. काळा धूर, आगीची जीभ. दहा वेळा. पुंडलिकच्या मनगटाले हँडलचा झटका बसला, सुजलं. सगळा कॅम्प जमा झाला. भय्याजीही आला, हात मागं बांधून. "काकी, दिवाली तो अभी दूर है."

मी त्याले म्हटलं, "थांबला आहे तर धक्का मार." पण आवाज माझा बसका होता. त्यालेही समजलं असेल.

२६ सप्टेंबर

पुंडलिक आज इंजिनाजवळ गेला नाही. खाटेवर पडून म्हणते, "माय, दादा बरोबर बोलला असेल."

मी त्याले ताट दिलं नाही. म्हटलं, हे बोलणं खाऊन झोप.

मग मलेच वाईट वाटलं, दिलं.

चार दिवस आहेत. मी पेटी भरणार नाही. न्यायचं असेल तर देवरावनं मले खाटेसकट उचलून न्यावं.

२७ सप्टेंबर

मी दिवसभर इंजिनाभोवती फिरली. सामान सगळं बरोबर. क्रम बरोबर, मीच म्हटला. पेट्रोल येते. ठिणगी येते, पुंडलिकनं दाखवली. मग बार कावून?

चुलीपाशी बसली तर आठवलं. पहिल्या दिवशी केवलरामभाऊनं दोन नंबर म्हटलं होतं, पुंडलिकनं पाच. रॉड एकच होता. एका रॉडले दोन नंबर कसे?

पोळी तव्यावर सोडून उठली. जळली. जळू दे.

केवलरामभाऊले बोलावलं, पुंडलिकले उठवलं. दोघांले गाडीपाशी उभं केलं. म्हटलं, "बोलायचं नाही. दोघांनीही एक नंबरवर हात ठेवा."

पुंडलिकनं ठेवला रेडिएटरच्या बाजूले, एकदम पुढं.

केवलरामभाऊनं ठेवला एकदम मागं, ड्रायव्हरच्या बाजूले.

दोघांच्या हातामधात चार सिलिंडर. रत्नमाला एवढी हसली का नात रडायले लागली.

केवलरामभाऊ म्हणतात, "डावं-उजवं, पुढं-मागं, रेल्वेत ड्रायव्हरच्या जागेवरून पाहतात. चाळीस वर्षं मी तिथूनच मोजलं." पुंडलिक म्हणते, "काका, मोटारीत पुढून मोजतात. मी पिस्टन पुढचा वर आणून ठेवला होता." म्हणजे पिस्टन एकाचा वर अन् ठिणगी भलत्याच सिलिंडरले! दोघंही आपापल्या जागी बरोबर. मी अन् मैना एका घरात तशाच होतो वाटते.

हे शेवटचं वाक्य कावून लिहिलं, माहीत नाही. राहू दे.

अंधार पडला होता. भाऊ म्हणाले, हातानं चाचपून पुन्हा चूक नको. परवा खंडेनवमी, परवाच सकाळी.

२९ सप्टेंबर, खंडेनवमी

चाललं! चाललं! चाललं!

वायरी अर्ध्या फेऱ्यानं फिरवून लावल्या. हँडल पुंडलिकच्या दुखऱ्या हातात देऊ दिलं नाही. रत्नमालानं पदर खोचला आन् तिनंच मारलं. पहिल्यांदा फुस्स. दुसऱ्यांदा धरलं. आधी खोकलं, मग एका सुरात. सहाच्या सहा. केवलरामभाऊ बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले, डोळ्यांतून पाणी. म्हणतात मोतीबिंदूचं आहे.

पान्हे, हातोडी, खरवडणी, पळी, सगळं पाटावर मांडलं. झेंडूची माळ गाडीले. रत्नमाला हळदीकुंकवाची वाटी घेऊन थांबली, माझ्याकडं पाहून राहिली. मी तिच्या हातातून वाटी घेतली आन् बॉनेटवर पाच बोटं ओढली. कोणी काही बोललं नाही. बोलायले पाहिजे होतं, माझी तयारी होती.

सुखराम मिस्त्री आला. इंजिनाजवळ कान नेला. "दाई, ए तो जी उठिस."

भय्याजीले प्रसाद पाठवला. तागडीवर ठेवून दे म्हटलं.

३० सप्टेंबर, दसरा

देवराव आला. संगं मैनाही. ठेसनावर आम्ही केवलरामभाऊले घेऊन ट्रकानं गेलो, पुंडलिक चालवून राहिला होता आन् मी पुढच्या सीटवर, नवं लुगडं. देवराव दोन वेळा गाडीभोवती फिरला. टायरले पाय मारून पाहिला. बॉनेट उघडायले लावलं.

"कोणं बांधलं हे?"

पुंडलिक म्हणते, "मायनं."

"मस्करी नको करू."

केवलरामभाऊ म्हणाले, "देवराव, पाच नंबरचं बेरिंग तुझ्या मायनं खरवडलं आहे. मी दोन नंबर म्हणतो, पण आता ते जाऊ दे."

नंदिनीपर्यंत जाऊन आलो सगळे, देवराव मागच्या डब्यात उभा. चुनखडीची धूळ खाऊन पांढरा झाला. घरी आल्यावर त्यानं आपट्याचं पान माझ्या हातावर ठेवलं, पाया पडला.

"गाडी चालली, माय."

"मग?"

"मग राहा."

पुंडलिकनं खुर्सीपारच्या खोल्यांची गोष्ट केली, पुढच्या महिन्यात जातो म्हणाला. देवरावनं मान हलवली. जिंकली मी! देवरावचा चेहरा पाहून थोडं वाईटही वाटलं, पण थोडंच.

मैना दिवसभर काही बोलली नाही. जेवणं झाल्यावर दिसली नाही म्हणून पाहिलं तर ट्रकात बसली होती. एकटी. हात स्टिअरिंगवर नव्हते, मांडीवर होते.

२ ऑक्टोबर

दोघांले दुर्गाच्या ठेसनावर पोचवायले गेलो. गाडी आली. देवराव चढला, ट्रंक घेतली, मागं वळून पाहिलं तर मैना खालीच.

"चल ना."

मैना म्हणाली — माझ्यापुढं इतकं लांब ती कधी बोलली नव्हती — "आत्याबाईले आणा असं मीच तुमच्या मागं लागली होती. तुमाले कुठं सुचत होतं. दिवसभर त्या घरात मले एक शब्द बोलायले माणूस नाही. त्या येत नाहीत. मग मी इथं राहतो."

शिट्टी झाली. देवराव दारात उभा, तोंड उघडं. गाडी सुटली.

परत येताना पुंडलिक चालवून राहिला होता. सीटवर माझं बसणं ऐसपैस असते. मी सरकली. मैना बसली.